कोर्टाने हमी मागितली म्हणजे दावा गेला असं नाही

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा :

माहेर रत्नागिरी तालुक्यातलं, खाडीच्या तोंडाशी. वडील २०१६ साली गेले. मागे घर, आगर आणि सड्यावरची हापूसची कलमं. सातबाऱ्यावर भावाबरोबर दोघी बहिणींची नावं वारस म्हणून लागली आहेत. पण बाग भाऊच बघतो, दरवर्षी करार करून व्यापाऱ्याला देतो, आणि बहिणींनी हक्कसोड करून द्यावं म्हणून मागे लागला आहे. या बाई नवऱ्याच्या नोकरीमुळे बारा वर्षं मस्कतला आहेत. धाकटी बहीण दापोलीत असते. गेल्या वर्षी यांनी वाटपाचा दावा लावला. धाकटीला उगीच वाईटपणा नको म्हणून तिला वादी न करता प्रतिवादी केलं. आता भावाने अर्ज दिला : वादी परदेशात राहते, दावा हरली तर माझा खर्च मी कुणाकडून वसूल करू? तिच्याकडून ५ लाखांची हमी घ्या. कोर्टाने ६०,००० रुपयांची हमी ८ आठवड्यांत द्यायला सांगितली. त्यातले तीन आठवडे उलटले आहेत.

त्या लिहितात : "बापाच्या घरात वाटा मागायला मलाच जामीन? कोर्टाने आधीच भावाची बाजू घेतली. वाटतं, एक पैसा भरू नये, दावाच सोडून द्यावा. चुलतभाऊ म्हणतो, मुंबईचा एकजण कोर्टाचा सगळा खर्च करायला तयार आहे, बागेतला थोडा हिस्सा त्याच्या नावे लिहून द्यायचा. काय करू?" आणि शेवटी, जाता जाता : "चिपळूणला आमचा दोघांच्या नावावर फ्लॅट आहे, पण तो भाड्याने दिलाय."

ताई, आधी मुदतीचं बघू, बाकीचं मागाहून. हुकमात दुसरं काही लिहिलेलं नसेल तर ८ आठवडे मोजायचे ते हुकमाच्या तारखेपासून, तुम्हाला मस्कतला कळलं त्या दिवसापासून नाही. वकिलांकडून त्या तारखेचा रोजनामा (कोर्टातल्या रोजच्या कामाची नोंद) आणि हुकमाची नक्कल मागवून घ्या. फोनवर कुणी "अजून महिनाभर आहे" म्हणालं म्हणून तेवढ्यावर राहू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २५ मधला नियम २ कडक आहे : ठरलेल्या मुदतीत हमी दिली नाही आणि दावा काढून घ्यायची परवानगीही मिळाली नाही, तर कोर्टाने दावा फेटाळायचाच. वाटा बसतो की नाही, भावाने हिशोब दिला की नाही, यातलं काहीही न तपासता. तुम्ही रागाने गप्प बसलात तर भावाला एक साक्षीदारही न आणता सगळं मिळेल.

आता त्या रागाविषयी. ज्या घरात वाढलो तिथला वाटा मागायला गेल्यावर "आधी हमी ठेव" असं ऐकावं लागलं तर मनाला लागणारच. पण या हुकमाचा तुम्ही लावलेला अर्थ बरोबर नाही, आणि त्या चुकीच्या अर्थावर तुम्ही मोठा निर्णय घ्यायला निघाला आहात. आदेश २५ चा पहिला नियम म्हणतो की दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर कोर्ट, कारणं नोंदवून, वादीला प्रतिवादीच्या खर्चासाठी हमी द्यायला सांगू शकतं. कागदावर "प्रतिभूती" असा शब्द असेल, ती हीच. एवढा भाग कोर्टाच्या विवेकाचा. त्याला एक परंतुक, म्हणजे पुरवणी अट, जोडलेलं आहे : एकटाच वादी असून तो भारताबाहेर राहत असेल, किंवा अनेक वादी असून सगळेच्या सगळे बाहेर असतील, आणि दाव्यातली मिळकत सोडून त्यांच्यापैकी कुणाचीही भारतात पुरेशी स्थावर मिळकत नसेल, तर असा हुकूम करावाच लागतो. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं. न्यायाधीशांपुढे चित्र आलं ते असं : वादी एकटी, राहणार मस्कत, आणि भारतात काय तर दाव्यातलीच बाग. ती बाग या हिशोबात धरायचीच नाही असं कायदाच सांगतो. एवढ्यावर वेगळा हुकूम होणं कठीण होतं.

भावाचीच बाजू घेतली असती तर ५ लाखांचे ६०,००० झाले नसते. ही हमी खर्चापुरती असते : वकील फी, साक्षीदारांचा भत्ता, नकला, असला जो खर्च कोर्ट हुकूमनाम्यात धरतं तेवढाच. बागेची किंमत किंवा भावाला झालेला मनस्ताप त्यात येत नाही. आणि ही रक्कम भावाच्या खिशात जात नाही. वाचनालयात अनामत ठेवतो तशी ती कोर्टात राहते. शेवटी तुमच्यावर खर्च बसवला गेला तरच त्यातून वळती होते, नाहीतर अर्ज करून परत घ्यायची. सख्ख्या भावंडांच्या वाटपात "खर्च ज्याचा त्याने सोसावा" असाच शेवट पुष्कळदा होतो.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मात्र खरं तर सगळ्यात आधी यायला हवी होती. चिपळूणचा फ्लॅट! परंतुकात दोन अटी आहेत आणि दोन्ही एकदम लागू पडाव्या लागतात : राहणं भारताबाहेर, आणि भारतात दुसरी पुरेशी मिळकत नसणं. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून तो तुमचा नाही असं होत नाही. नवऱ्याबरोबर समाईक असला तरी तुमचा हिस्सा तुमचाच. ६०,००० रुपयांच्या खर्चापुढे चिपळूणमधल्या फ्लॅटचा निम्मा हिस्सा "पुरेसा" नाही असं म्हणणं भावाच्या वकिलांना जड जाईल. फक्त कर्ज किती बाकी आहे ते सांगावं लागेल, कारण मिळकत कर्जात बुडालेली असेल तर तिचा उपयोग तेवढाच कमी. म्हणून वकिलांना फोन करून नेमका एकच प्रश्न विचारा : भावाच्या अर्जावर आपण जे म्हणणं दिलं त्यात फ्लॅटचा उल्लेख होता का, आणि कागद जोडले होते का? माझा अंदाज, नव्हता. परदेशातला पक्षकार वकिलाला बागेबद्दल सगळं सांगतो. फ्लॅटचा विषय दाव्याशी संबंध नाही म्हणून निघतच नाही. आता तरी नोंदणीकृत करारनाम्याची प्रत, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचा भाग दाखला, या वर्षीच्या घरपट्टीची पावती आणि बँकेचं कर्जबाकीचं पत्र एकत्र करून पाठवा.

हे कागद घेऊन हुकूमच फिरवून मागता येईल का? पुनर्विलोकनाचा, म्हणजे त्याच कोर्टाने हुकूम पुन्हा तपासावा असा, अर्ज करता येतो, पण त्यात अडचण अशी की फ्लॅट तुम्हाला आधीपासून माहीत होता. नव्याने सापडलेला पुरावा म्हणून तो चालणं अवघड. हमी घेण्याच्या हुकमावर संहितेत सरळ अपीलही नाही. उरतो तो घटनेच्या अनुच्छेद २२७ खालचा उच्च न्यायालयातला रिट अर्ज. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत. पण रिट दाखल केल्याने खालची मुदत आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, ती मिळेलच असं नाही. ६०,००० रुपयांसाठी कोल्हापूरचा वकील, येणं-जाणं, टायपिंग हा खर्च केलात तर हमीपेक्षा तोच जास्त व्हायचा. हुकूम ५ लाखांचा असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : भरून टाका. "आपले हक्क राखून" असं लिहून भरा, म्हणजे हुकूम तुम्हाला मान्य आहे असा अर्थ कुणी काढणार नाही. आणि फ्लॅटचे कागद प्रतिज्ञापत्रासह दाव्यात दाखल करून ठेवा. हमीचा अर्ज दाव्याच्या कुठल्याही टप्प्यावर येऊ शकतो. भाऊ उद्या वाढीव हमी मागायला आला तर त्या वेळी तोंड बंद करायला ते कागद फाइलमध्ये हवेत. पुढे अपिलात जायची वेळ आली तर आदेश ४१ च्या नियम १० मध्ये हीच तरतूद पुन्हा भेटते, तिथेही ते कामाला येतील.

भरणा कसा होतो तेही सांगते, कारण नेमकं इथेच दावे घसरतात. रक्कम भरून घ्यावी असा अर्ज वकील देतात, त्यावर हुकूम होतो, मग रक्कम नाझरकडे, म्हणजे कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. पावती हातात आली की त्यावर दाव्याचा नंबर, साल आणि तुमचं नाव बरोबर पडलंय का हे तिथेच उभं राहून बघायला सांगा. ती पावती पुरसिस (कोर्टाला माहिती देणारा लेखी कागद) करून दाव्याला लावायची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्यात वादीने हमी दिल्याची नोंद पडली की नाही ते पाहायचं. पैसे नाझरकडे, पावती वकिलांच्या बॅगेत आणि फाइल कोरी, असं झालं की पुढच्या तारखेला समोरची बाजू "हमी दिलेली नाही" म्हणून उभी राहते. दावा काही वर्षं चालणार हे धरून, रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी असाही अर्ज त्याच वेळी द्या. व्याज शेवटी रक्कम ज्याला मिळेल त्याच्याबरोबर जाईल.

ज्यांना रोख भरणं खरोखरच झेपत नाही त्यांनी हुकमाची भाषा नीट वाचावी. "हमी द्यावी" एवढंच असेल तर रोखीऐवजी बँक हमी, मुदत ठेवीची पावती किंवा सक्षम जामीनदार चालवून घ्यावा असं मागता येतं. जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर स्वतःची मिळकत आहे आणि जो तहसीलदारांकडून ऐपतीचा दाखला आणू शकतो असा माणूस. मुदत अपुरी वाटली तर ती संपण्याआधी मुदतअर्ज द्या. संहितेच्या कलम १४८ खाली कोर्ट मुदत वाढवू शकतं, पण सगळी मिळून वाढ ३० दिवसांपलीकडे सहसा जात नाही. आणि दावा फेटाळला गेलाच तर हमी वेळेत का देता आली नाही याचं पटण्यासारखं कारण दाखवून तो पुन्हा उभा करून घेता येतो. त्या अर्जालाही मुदत आहे, फेटाळल्या तारखेपासून ३० दिवस. आजारपण, दूतावासात अडकलेला कागद, ही कारणं झाली. "मला अपमान वाटला" हे कारण होत नाही, ताई.

धाकट्या बहिणीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला तिथे थांबावंसं वाटतं. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक पक्षकार एका अर्थाने वादीही असतो आणि प्रतिवादीही, कारण वाटा प्रत्येकालाच पडायचा असतो. त्यामुळे तिला प्रतिवादीच्या रांगेतून वादीच्या रांगेत घ्यावं असा अर्ज करता येतो. ती भारतात राहते. ती वादी झाली की "सगळे वादी भारताबाहेर" ही अटच उरत नाही आणि सक्तीच्या हमीचा पायाच निघून जातो. झालेला हुकूम त्याने पुसला जाणार नाही, पण पुढच्या मागण्यांना आळा बसेल. कायद्याच्या अंगाने हा उपाय चांगला आहे.

पण तुम्ही मस्कतला आहात आणि ती दापोलीत. गणपतीला माहेरी जायचं असतं ते तिला, शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा भावजयीबरोबर ओटी भरायला उभं राहायचं असतं ते तिला, मे महिन्यात मुलं मामाकडे जातात ती तिची. प्रतिवादी राहून "मलाही माझा वाटा हवा" अशी कैफियत (लेखी उत्तर) देणं आणि भावाविरुद्ध वादी म्हणून नाव लागणं, कायद्याला यात फार फरक नसला तरी गावाला आहे. शिवाय वादी झाली की खर्चाची जबाबदारी तिच्यावरही येते. तिला विचारा जरूर, सगळं समजावून सांगा, पण गळ घालू नका. ती नको म्हणाली तर तो तुमच्याशी दगा नाही.

मुंबईच्या त्या माणसाला मात्र सरळ नकार कळवा. दाव्यासाठी बाहेरच्याकडून पैसे घेणं मुळात बेकायदेशीर नाही. वकील नसलेल्या माणसाने पक्षकाराला पैसे पुरवायला बंदी दिसत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ए. के. बालाजी प्रकरणात म्हटलं आहे. पण महाराष्ट्रात आदेश २५ ला खास दुरुस्ती आहे : दावा चालवायला पैसे मिळावेत म्हणून वादीने दाव्यातल्या मिळकतीचा हिस्सा बाहेरच्याला दिला, किंवा द्यायचं कबूल केलं, तर त्या माणसाला त्याच्या संमतीने वादी करून घेता येतं आणि त्याच्याकडूनही खर्चाची हमी मागता येते. म्हणजे हमीचा प्रश्न सुटत नाहीच, उलट भावाच्या हाती नवा अर्ज दिल्यासारखं होतं. आणि खरी भीती निराळीच आहे. आज बागेत तीन भावंडं आहेत. हिस्सा लिहून दिलात की चौथा येईल तो जमिनीच्या व्यवहारातला माणूस, आणि मग तडजोडीच्या टेबलावर भावंडांचं काही चालणार नाही. ६०,००० रुपयांसाठी सड्यावरची कलमं असल्या माणसाच्या हातात देऊ नका.

"दावा सोडून देते" याबद्दल. वाटा नकोच असेल, भावाने राबून बाग जगवली म्हणून ती त्याचीच राहावी असं मनापासून वाटत असेल, तर तसं करायला तुम्ही मोकळ्या आहात आणि त्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय हमी भरून झाल्यावर, शांतपणे, दोघी बहिणींनी बोलून घ्या. नवा दावा लावायची मुभा न घेता दावा काढून घेतलात तर त्याच विषयावर पुन्हा कोर्टात यायचा रस्ता आदेश २३ खाली तुमच्यापुरता बंद होऊ शकतो. तुमचा हक्क कमकुवत आहे असंही समजू नका. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित असली आणि मृत्युपत्र नसलं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगा-मुलगी समान वारस. वडिलोपार्जित असली तर मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्याचं पक्कं केलं आहे.

भावाकडेही जरा बघू या. खर्च कुणाकडून वसूल करू, हा त्याचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. फवारण्या, खतं, राखणीला ठेवलेली माणसं, पावसाने मोहर गेलेली वर्षं, हे सगळं त्यानेच निभावलं असणार. ते खर्च हिशोबात धरायला आपली हरकत नाही असं तुम्ही आधीच लेखी कळवलंत तर मध्यस्थीला बसायला तो कदाचित तयार होईल. मात्र तो हिशोबच द्यायला तयार नसेल आणि यंदाचाही करार परस्पर करून मोकळा झाला असेल, तर तुम्हीही अर्ज करा : बागेच्या उत्पन्नातला बहिणींचा भाग कोर्टात जमा व्हावा, नाहीतर रिसीव्हर, म्हणजे बाग सांभाळायला कोर्टाचा माणूस, नेमावा. हमी भरलेल्या वादीच्या तोंडी हा अर्ज जास्त शोभतो.

असेच प्रश्न असलेल्या इतरांसाठी दोन-तीन गोष्टी. चाकरमानी मुंबई-ठाण्यात राहतो म्हणून तो "भारताबाहेर" होत नाही; गावच्या भावाने त्याच्याविरुद्ध सक्तीच्या हमीची मागणी केली तर ती टिकू नये. वादी गरीब आहे एवढ्यावरही हमी लादायची नसते. काही प्रकारच्या दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फी माफ असते, आपला दावा त्यात बसतो का ते वकिलांना विचारावं, आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. मात्र कोर्ट फी माफ म्हणजे हमीही माफ, असं धरू नका. आणि जे प्रतिवादी आहेत, ज्यांच्यावर परदेशातल्या नातेवाइकाने खरोखर खोटा दावा लावलाय, त्यांनी हा अर्ज लवकर आणि खर्चाचा तपशील देऊन करावा. साक्षीपुरावे संपत आल्यावर मोठा आकडा टाकून केलेला अर्ज अडवणुकीसाठीच आहे हे कोर्टाला कळतं.

शेवटचं काम मुखत्यारपत्राचं. ताई, प्रत्येक कागदावर सहीसाठी मस्कतहून येणं शक्य नाही. विश्वासातल्या माणसाच्या नावे, फक्त या दाव्यापुरतं, विक्रीचे किंवा हक्कसोडीचे अधिकार अजिबात न देता कुलमुखत्यारपत्र करा. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्या आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. मुखत्यार हमी भरू शकेल, अर्ज देऊ शकेल, तारखांना उभा राहील. तुमच्या स्वतःच्या माहितीतली साक्ष मात्र तुम्हालाच द्यावी लागेल. ती व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यावी अशी परवानगी मागता येते, त्याबद्दल वकिलांशी आत्ताच बोलून ठेवा.